भागिरथीबाईंचा इतिहासाला प्रश्न

इतिहासाच्या पॉडकास्टला रजिस्टर पोस्टाने अर्ज करणारा माणूस महाराष्ट्रात आजवर झाला नसेल. तिसगावात झाला. अर्ज तीन प्रतींत होता, सोबत मृत्यूच्या दाखल्याची साक्षांकित प्रत जोडलेली होती आणि विषयाच्या ओळीत लिहिलं होतं : 'मयत पत्नीचा आवाज परत मिळणेबाबत.'

अर्जदार राधाकृष्ण नरवडे, पाथर्डीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. गाव त्यांना भाऊसाहेब म्हणतं. ज्या माणसाने उभी नोकरी दुसऱ्यांच्या अर्जांतल्या त्रुटी काढण्यात घालवली, त्याने स्वतःचा अर्ज करताना काय काळजी घेतली असेल ते सांगायला नको. समासाला दोन बोटं जागा सोडली होती आणि प्रत्येक पानावर खाली सही होती.

हे प्रकरण सुरू झालं ते विश्रांतीपासून. निवृत्तीनंतर भाऊसाहेबांचं ब्लडप्रेशर वाढलं आणि डॉक्टरांनी मन शांत ठेवायला सांगितलं. मन शांत ठेवण्याचं काम कचेरीत कधी आलंच नव्हतं, त्यामुळे त्याची पद्धत त्यांना माहीत नव्हती. ध्यानाला बसले, तर डोळे मिटल्याबरोबर एका जुन्या चारा छावणीची फाइल समोर यायची आणि ती कोणाच्या टेबलावर राहिली याचा विचार करता करता छाती धडधडायची. भजनी मंडळात गेले, तर हजेरीपत्रक नाही म्हणून पहिल्याच दिवशी वाद झाला. शेवटी पुण्याला असलेल्या मुलीने, सुकन्येने, त्यांच्या मोबाईलवर इतिहासाचा एक पॉडकास्ट लावून दिला. पॉडकास्ट म्हणजे असं भाषण की ज्यात वक्त्याला हार घालावा लागत नाही, अशी व्याख्या भाऊसाहेबांनी केली आणि ते त्याच्या नादी लागले.

कार्यक्रमाचं नाव 'मागील पानावरून'. ज्ञानेश्वरी नावाची पुण्याची एक मुलगी तो दर गुरुवारी सांगायची. रजिस्टरमध्ये हजारो वेळा लिहिलेले ते दोन शब्द ऐकूनच भाऊसाहेबांना घरच्यासारखं वाटलं. मग निजामशाही, आदिलशाही, नगरचा भुईकोट, वेढे, तह, फितुरी. जगात एवढी भानगड होऊन गेली आणि तिच्यातल्या एकाही कागदावर आपली सही नाही, या विचाराने त्यांना जी शांती मिळे ती ध्यानात नव्हती. दुपारची जेवणं झाली की ओट्यावर खुर्ची टाकायची, कानात इअरफोनची बोंडं घालायची आणि डोळे मिटायचे. वेढा पडला की त्यांना डुलकी लागे आणि तह होईपर्यंत जाग येत नसे. महिन्याभरात ब्लडप्रेशर उतरलं. डॉक्टरांनी गोळी अर्धी केली, त्याचं श्रेय भाऊसाहेबांनी निजामशाहीला दिलं.

भाद्रपदात भागिरथीबाई गेल्या. सकाळी अंगण झाडून आल्या, दम लागला म्हणून भिंतीला टेकून बसल्या आणि तशाच गेल्या. पाथर्डीहून गाडी येईपर्यंत काही उरलं नव्हतं.

आपल्याकडे तेराव्याला गेलेल्या माणसाच्या वापरातल्या वस्तू देऊन टाकतात. अंथरूण, छत्री, चप्पल, तांब्या-भांडं. ज्या घरात माणूस नाही त्या घरात त्याच्या वस्तूंनी ताटकळत राहू नये, असा त्यातला भाव. भाऊसाहेबांनी वस्तूंची यादी केली, चार रकान्यांची, शेवटचा रकाना 'घेणाऱ्याची सही'. नवव्या क्रमांकावर मोबाईल होता. तो जामखेडच्या मेव्हण्याला, हनुमंताला द्यायचं ठरलं. द्यायच्या आधी दुकानात नेला, तर दुकानदाराने विचारलं, आतलं ठेवायचं का काढायचं. भाऊसाहेबांनी जन्मभर जमिनींची हस्तांतरं पाहिली होती आणि वस्तू बोजाविरहित करून द्यावी हा नियम त्यांच्या अंगात मुरलेला होता. 'सगळं काढा,' असं त्यांनी सांगितलं, आणि दुकानदाराने पाच मिनिटांत सगळं काढलं.

दिवाळी झाल्यावर शेजारची यशोधरा दुधाचं भांडं परत द्यायला आली. यशोधरा अंगणवाडी सेविका. तिचं आणि भागिरथीबाईंचं मायलेकींसारखं होतं. जाता जाता तिने विचारलं, "भाऊसाहेब, काकूंच्या प्रश्नाचं उत्तर आलं का हो?"

कसला प्रश्न, असं भाऊसाहेबांनी विचारलं, तेव्हा उलगडा झाला. श्रावणात एकदा भागिरथीबाईंनी यशोधरेला बोलावून घेतलं होतं. तुमचे प्रश्न तुमच्याच आवाजात पाठवा, असं ती पुण्याची मुलगी कार्यक्रमाच्या शेवटी सांगायची, ते डुलकीत भाऊसाहेबांच्या कानातून गळलेलं बोंड आपल्या कानाला लावून बाईंनी ऐकलं होतं. त्यांना काहीतरी विचारायचं होतं. यशोधरेने त्यांच्या फोनवर नंबर काढून दिला, बोलायचं बटण लावून दिलं आणि दुपारी अंगणवाडीत बायकांची बैठक होती म्हणून ती निघाली; परत येऊन तिने ते न ऐकताच पाठवून दिलं. काय विचारलं ते तिला माहीत नव्हतं. "मला म्हनल्या, तू जा गं, तुज्यासमोर मला लाज वाटती."

भाऊसाहेब बराच वेळ भांडं हातात धरून उभे राहिले. बायकोने इतिहासाला प्रश्न विचारला होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं आश्चर्य ओसरल्यावर दुसरी गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. तो आवाज त्या फोनमध्ये होता. मग त्यांनी बाकीचे आवाज शोधायला घेतले. सुकन्येच्या लग्नाच्या व्हिडिओत भागिरथीबाई जागोजागी होत्या, बोलतही होत्या, पण व्हिडिओवाल्याने सगळ्यावर बॅंड टाकला होता. सुकन्येशी रोज बोलणं व्हायचं, पण ते फोनवर, बोललं की संपलं. चाळीस वर्षं जो आवाज घरात होता तो कुठेच नोंदलेला नव्हता, आणि तोही नोंदी ठेवणाऱ्या माणसाच्या घरात. भाऊसाहेब न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले. नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे रडणं गल्लीभर ऐकू गेलं.

तो आवाज परत मिळवायचा, एवढंच आता त्यांना हवं होतं. सुकन्येला सांगितलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण तिला सांगायचं म्हणजे आईचा फोन कोणी साफ केला तेही सांगावं लागणार होतं. म्हणून प्रकरण गोपनीय ठेवायचं ठरलं आणि फक्त पुंजारामला विश्वासात घेतलं. पुंजाराम हा समोरच्या घरातला निवृत्त एसटी कंडक्टर. गोपनीय गोष्ट त्याला सांगणं म्हणजे स्टॅंडवर पुकारा करणं, हे गावातल्या पोरासोरांना माहीत होतं, भाऊसाहेबांना नव्हतं.

आधी हनुमंताला फोन गेला. तो बिचारा बहिणीचं काम म्हणून जामखेडहून एसटीने फोन घेऊन आला. फोनमध्ये आता त्याच्या शेळ्यांचे सत्तर-ऐंशी फोटो होते. दुकानदाराने फोन उलटासुलटा केला, गेलं म्हंजी गेलं, असं म्हणाला, आणि तुम्हीच सांगितलं होतं हेही वर ऐकवलं. परत जाताना हनुमंत एसटीच्या दारात थांबून म्हणाला, "दाजी, मला आदी सांगितलं असतं तर म्या त्याला हात लावू दिला नसता."

मग पुण्याला ईमेल. मजकूर दीड पान, जोडपत्रं बारा : मृत्यूचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड, लग्नाच्या फोटोची प्रत, नातं सिद्ध करणारं स्वयंघोषणापत्र वगैरे. पाठवल्यानंतर एका सेकंदात उत्तर आलं : 'आपला संदेश मिळाला. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.' भाऊसाहेब थक्क झाले. एवढ्या तत्परतेने पोच देणारी कचेरी त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून पोच छापून आणली, फाइलला लावली आणि नियमाप्रमाणे तीस दिवस वाट पाहिली. एकतिसाव्या दिवशी स्मरणपत्र क्रमांक एक. पुन्हा एका सेकंदात पोच आली, शब्दही तेच. यंत्र उत्तर देतंय, हे यशोधरेने हळूच सांगून पाहिलं. भाऊसाहेब म्हणाले, यंत्र असलं तरी जबाबदार यंत्र दिसतंय.

पुंजारामचं मत वेगळं पडलं. ईमेलला कोन इचारतंय, कागद पायजे, असं तो म्हणाला. कागद पाठवायचा तर पत्ता हवा, आणि पत्ता कुठेच दिलेला नव्हता. पुंजारामने पाथर्डी-पुणे गाडीवर अकरा वर्षं काढली होती आणि त्या अधिकाराने त्याने सांगितलं की पुण्यात इतिहासवाले सगळे सदाशिव पेठेत राहतात, तिथल्या कोणालाही विचारलं तरी सांगेल. अशा रीतीने 'मागील पानावरून, इतिहास विभाग, सदाशिव पेठ, पुणे' असा पत्ता घालून तो अर्ज रजिस्टर पोस्टाने रवाना झाला. अठरा दिवसांनी परत आला. पाकिटावर लिहिलं होतं, 'पत्ता अपूर्ण, परत'. हा शेरा भाऊसाहेबांनी स्वतः किती लोकांच्या कागदांवर मारला असेल त्याची गणती नव्हती. तो हातात घेतल्यावर काय वाटतं, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. त्यांतले काही लोक लांबून चालत आले होते, हेही आठवलं.

विश्रांती तर केव्हाच संपली होती. गुरुवारचा भाग आला की भाऊसाहेब वही-पेन घेऊन बसत आणि लेखापरीक्षकासारखा तो कान देऊन तपासत. वेढे पडत होते, तह होत होते, त्यांना डुलकी येत नव्हती. ज्ञानेश्वरी नुसती 'आपल्या एका श्रोत्या' असं म्हणाली तरी पेन वहीवर टेकायचं. ब्लडप्रेशर पुन्हा चढलं. डॉक्टरांनी गोळी पूर्ववत केली आणि इतिहास बंद करायला सांगितलं, तर भाऊसाहेब म्हणाले, प्रकरण प्रलंबित आहे.

आणि माघात एका गुरुवारी ज्ञानेश्वरीने जाहीर केलं की पुढचा भाग श्रोत्यांच्या निवडक प्रश्नांचा, त्यांच्याच आवाजात. भाऊसाहेबांनी हे फक्त पुंजारामला सांगितलं.

शुक्रवारी सकाळी गिरणीत कळलं की भागिरथीकाकू रेडिओवर येणार. शनिवारपर्यंत त्या टीव्हीवर येणार होत्या. पुढच्या गुरुवारी दिवस कलायच्या सुमारास नरवड्यांच्या अंगणात पन्नास-साठ माणसं जमली. पुंजारामने भजनी मंडळाचा स्पीकर आणला. कोणीतरी भागिरथीबाईंचा फोटो खुर्चीवर ठेवला, कोणीतरी त्याला हार घातला. आमच्या भागात हार घातलेला फोटो आणि माईक एका ठिकाणी आले की श्रद्धांजलीपर भाषण झाल्याशिवाय राहत नाही. माजी सरपंच सहादेवराव उठले आणि त्यांनी मातोश्री भागिरथीबाई ते पाण्याची टाकी असा बारा मिनिटांचा प्रवास केला. टाकी त्यांच्या काळात झाली होती. ओट्यावर उभे असलेले भाऊसाहेब मनातून अवघडले होते आणि मनातूनच सुखावलेही होते. बायकोसाठी एवढी माणसं जमतील असं त्यांना वाटलं नव्हतं.

कार्यक्रम सुरू झाला तो एका गादीच्या जाहिरातीने. पाठीला आधार देणारी गादी, शंभर रात्री वापरून पाहा. त्यातलं काय जाहिरात आणि काय कार्यक्रम हे लोकांना उमगेना, म्हणून सगळे हात जोडून बसले. भागिरथीबाईंची मैत्रीण चांगुणाबाई गादीलाच डोळ्यांना पदर लावून मोकळी झाली. मग प्रश्न सुरू झाले. सांगलीच्या एकाने तलवारीचं वजन विचारलं. नाशिकच्या मास्तरांनी स्वतःच प्रश्न विचारून स्वतःच उत्तर दिलं. अमेरिकेतल्या एका बाईंना जुन्या काळी आमटीत टोमॅटो होता का ते हवं होतं. बाईचा आवाज आला की अंगणातली सगळी माणसं पुढे झुकायची आणि चार शब्दांनंतर मागे व्हायची. असे अकरा प्रश्न झाले. मग ज्ञानेश्वरी म्हणाली, भेटू पुढच्या गुरुवारी.

पुंजारामने स्पीकर हलवून पाहिला. मोठ्या गावाचे घेत्यात, आपल्याला कोन इचारतंय, असं मागे कोणीतरी म्हणालं आणि माणसं एकेक करून चपला शोधायला लागली. चांगुणाबाई शेवटी उठली. ओट्याजवळ येऊन म्हणाली, "भाऊसाहेब, तिचं बोलनं पहिल्यापासनं हळू. आलं आसंल ती, आपल्यालाच ऐकाया आलं नसंल."

सगळे गेल्यावर भाऊसाहेबांनी फोटोवरचा हार काढला. जिवंतपणी भागिरथीबाईंना कोणी चार माणसांत बोलायला उभं केलं नव्हतं. मेल्यावर आपण केलं, आणि त्या आल्या नाहीत. हसं आपलं झालं असतं तर चाललं असतं, पण आपण तिचं करून बसलो, हे त्यांच्या मनाला लागलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

यशोधरेने मात्र घरी जाऊन एक साधं काम केलं. त्या भागाच्या खाली लोक अभिप्राय लिहितात, तिथे तिने लिहिलं : 'तिसगावच्या भागिरथी नरवडे यांनी श्रावणात प्रश्न पाठवला होता. त्या आता नाहीत. घरात त्यांचा आवाज कुठे नाही. तुमच्याकडे असेल तर द्या.' खाली भाऊसाहेबांचा नंबर दिला. जोडपत्र एकही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊसाहेबांचा फोन वाजला. तो आवाज त्यांनी शेकडो तास ऐकला होता, पण तो आपल्याला 'काका' म्हणेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"काका, मी ज्ञानेश्वरी. काकूंचा प्रश्न आहे आमच्याकडे. तो आम्ही विसरलो नव्हतो."

भाऊसाहेबांनी विचारलं, "मग घेतला का नाही?"

"उत्तर सापडत नाही म्हणून. सहा महिने शोधतोय. बखरी पाहिल्या, पत्रं पाहिली, मोठमोठ्या लोकांना विचारलं. कोणी लिहूनच ठेवलेलं नाही." मग ती म्हणाली, "आणखी एक सांगते, काका. प्रश्न विचारून झाल्यावर त्यांनी रेकॉर्डिंग बंद केलेलं नाही. पुढचं सगळं घरातलं आहे. आम्ही थोडं ऐकलं आणि थांबलो. ते तुमचं आहे."

ईमेलचा विषय निघालाच. बारा जोडपत्रं पाहून यंत्राने तो नको असलेल्या टपालात टाकला होता. भाऊसाहेबांनी ते ऐकून घेतलं आणि नोंद केली नाही.

फाइल आली. यशोधरेने ती लावून दिली, खुर्ची ओट्यावर टाकली आणि ती आपल्या घरी गेली. पुंजाराम स्पीकर घेऊन फाटकापर्यंत आला होता. भाऊसाहेबांचा चेहरा पाहून, जन्मात पहिल्यांदाच, काही सल्ला न देता तो माघारी वळला. भाऊसाहेबांनी इअरफोन कानात घातले.

"म्या भागिरथी नरवडे, तिसगाव. तुमी लढाया लई चांगल्या सांगता. आमच्या ह्यान्ला आवडत्यात, ऐकून झोप लागती त्यान्ला. माजं इचारनं यवढंच हाय. गडी लढाईला गेला, तर मेला का जित्ता हाय ते कळाया दोन-दोन म्हैने लागायचे म्हनता. मंग तवर घरातल्या बाईनं सांजच्याला पीठ किती घ्यायचं? त्याच्या वाटनीची भाकर रोज थापायची का न्हाई? आन् थापायची बंद कवा करायची? तेवढं सांगा."

मग फोन कुठेतरी ठेवल्याचा आवाज आला. भांडं घासल्याचा. बांगड्यांचा. स्टोव्हवर काहीतरी उकळत होतं. मग पुन्हा आवाज आला, आता मोठा : "अहो, च्या झाला." थोडा वेळ काही नाही. "अहो." पावलं ओट्यापर्यंत आली आणि थांबली. मग भागिरथीबाई स्वतःशीच बोलल्या, "ऐकू दे बाई. तेवढाच जीव इसावतो त्यांचा." कपावर बशी झाकल्याचा आवाज आला.

पुढे बराच वेळ नुसतं घर होतं. बाई आत काहीतरी निवडत असाव्यात, सुपाची लय येत होती. आणि मग एक पुरुषाचा आवाज आला, कचेरीतला असतो तसा : "अगं, चहा गार झालाय."

"आनते गरम करून."

तिथे ते संपलं.

भाऊसाहेबांना तो दिवस आठवेना. आठवण्यासारखा तो नव्हताच, रोजच तसं होत होतं. रोज ती हाक मारत असणार आणि रोज आपल्या कानात कोणत्या तरी किल्ल्याला वेढा पडलेला असणार. ओट्यावर बसून ते मोठ्याने रडले, आणि या वेळी नळ सोडायला गेले नाहीत. संध्याकाळी त्यांनी सुकन्येला फोन करून सगळं सांगितलं, आईचा फोन कोणी साफ केला तेही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आप्पा, मला पाठवा ते."

चार दिवसांनी ज्ञानेश्वरीने विचारलं, काकूंचा प्रश्न कार्यक्रमात घेऊ का. होय किंवा नाही एवढं कळवलं असतं तरी चाललं असतं. पण भाऊसाहेबांनी कागद घेतला, समासाला दोन बोटं जागा सोडली, आणि लिहून झाल्यावर यशोधरेकडून त्याचा फोटो काढून पाठवला.

'विषय : मयत पत्नीचा प्रश्न प्रसारित करण्यास परवानगी देणेबाबत.

'महोदया, प्रश्न वापरण्यास अर्जदाराची हरकत नाही. त्यापुढील भाग कौटुंबिक असल्याने वगळण्यात यावा. सदर प्रश्नाचे उत्तर कोठेही लिहून ठेवलेले आढळत नाही, असे आपण कळविले. याबाबत अर्जदारास असलेली माहिती खालीलप्रमाणे सादर आहे.

'पाचवा महिना संपत आला. अर्जदार दररोज दुपारी दोन कप चहा ठेवतो. बंद कधी करावयाचे, ते अर्जदारासही माहीत नाही.'